सोलेनॉइड कॉइल गुंडाळताना: वेढ्यांच्या आधी उष्णतेचा हिशोब

लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून तिला सेल जोडला की खिळा टाचण्या उचलतो, हे शाळेत बहुतेकांनी पाहिलेलं असतं. तेव्हापासून एक समजूत मनात घर करून बसते: वेढे जितके जास्त, तितकं चुंबक दमदार. स्वतः कॉइल गुंडाळायला बसणारा नवखा माणूस सगळ्यात जास्त अडतो तो याच समजुतीपाशी. वेढ्यांना महत्त्व आहेच, पण त्यांची संख्या शेवटी ठरते. आधी ठरवायची असते ती कॉइलला सोसेल एवढी उष्णता. एकदा तो हिशोब जमला की तार, वेढे, व्होल्टेज या गोष्टी आपोआप जागेवर येतात.

पुढे एक खरी कॉइल आकड्यांसकट बांधत जाऊ. त्यासाठी लागणारं सामान थोडकं आहे: एनॅमल (वीजरोधक लेप) चढवलेली तांब्याची वाइंडिंग तार, एक नळी, मल्टिमीटर, करंटवर मर्यादा घालता येईल असा पॉवर सप्लाय, एक डायोड आणि चुंबकसूची. घरातल्या मेन्सच्या विजेला यातली कुठलीही कॉइल थेट जोडायची नाही.

आत काय घडतं

नळीभोवती अशी लांबट गुंडाळलेली कॉइल म्हणजे सोलेनॉइड. पाठ्यपुस्तकात याला नालकुंतल म्हणतात. तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ओर्स्टेडने हे १८२० मध्ये दाखवलं आणि त्याच वर्षी अँपिअरने विजेच्या वेटोळ्यांचा अभ्यास सुरू केला. तार वेटोळ्यात वळवली की प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र आतल्या बाजूला एकाच दिशेने जातं आणि शेजारच्या वेढ्याच्या क्षेत्रात मिळतं. दोन वेढ्यांच्या मधल्या जागेत मात्र ती क्षेत्रं एकमेकांच्या विरुद्ध असतात आणि बऱ्याच अंशी रद्द होतात. म्हणून लांब, दाट गुंडाळलेल्या कॉइलच्या पोटात क्षेत्र सरळ आणि जवळजवळ सारखं असतं, तर बाहेर ते फारच क्षीण असतं.

दिशा ओळखायला उजवा हात पुरतो. बोटं वेढ्यांतल्या करंटच्या दिशेने वळवा, ताठ अंगठा उत्तर ध्रुवाकडे दाखवेल.

आता एक बाब जरा सावकाश समजून घ्या, कारण गुंडाळताना तिथे हमखास शंका येते. पहिला थर डावीकडून उजवीकडे भरला आणि दुसरा थर उजवीकडून डावीकडे परत आणला, तर दुसऱ्या थराचं क्षेत्र उलटं होत नाही का? होत नाही. तार नळीभोवती कोणत्या दिशेने फिरते एवढंच महत्त्वाचं. ती सगळ्या थरांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर ती सरकत कुठे चालली आहे याने काही बिघडत नाही आणि सगळे थर एकमेकांना साथ देतात. मधेच नळी उलटी धरून गुंडाळायला लागलात, तर मात्र तेवढे वेढे आधीच्या वेढ्यांना खोडून काढतात.

पहिली पायरी: काम ठरवा

कॉइल दोन प्रकारच्या कामांसाठी बनते आणि त्यांच्या गरजा वेगळ्या असतात. एकात क्षेत्रच हवं असतं: सेन्सर तपासायला, एखादा नमुना ठरावीक क्षेत्रात ठेवायला, इलेक्ट्रॉनांचा झोत आवळायला. तिथे क्षेत्र सारखं आणि मोजून सांगता येणारं असावं लागतं, म्हणून कॉइल लांब घ्यायची आणि आत लोखंड ठेवायचं नाही. दुसऱ्यात ओढ हवी असते: कडी सरकवायची, झडप उघडायची, दट्ट्या हलवायचा. तिथे लोखंड लागतंच, आणि तेही आतल्या दांड्यापुरतं नव्हे तर कॉइलभोवतीच्या चौकटीतही.

शिकायला सुरुवात पहिल्या प्रकारापासून करावी असं मी आग्रहाने सांगेन. हवेच्या गाभ्याची कॉइल सूत्राबरहुकूम वागते. आपलं गणित बरोबर होतं की नाही हे ती लगेच दाखवते. लोखंड आलं की दहा नव्या शंका येतात.

दुसरी पायरी: कागदावरची कॉइल

समजा २० मिमी बाहेरचा व्यास असलेली नळी आहे आणि तिच्यावर ८० मिमी लांबीत गुंडाळायचं आहे. तार ०.५ मिमीची घेऊ. एनॅमलसकट ती सुमारे ०.५६ मिमी भरते. ८० भागिले ०.५६ म्हणजे १४२, पण हाताने गुंडाळताना थोडी जागा वाया जातेच, म्हणून एका थरात १४० वेढे धरू. चार थरांचे ५६० वेढे होतात.

चार थरांची जाडी २.२४ मिमी. म्हणजे वेढ्यांचा सरासरी व्यास २२.२४ मिमी, आणि एका वेढ्याला सरासरी ७० मिमी तार. एकूण तार सुमारे ३९ मीटर.

तांब्याच्या तारेचा रोध काढायला एक सोपं सूत्र लक्षात ठेवा: ०.०२१९ ला तारेच्या मिमीतल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की दर मीटरचा रोध ओहममध्ये मिळतो. ०.५ मिमीसाठी तो ०.०८७६ ओहम येतो. ३९ मीटरचा झाला ३.४ ओहम.

आता क्षेत्र. कॉइलच्या मध्यबिंदूवर:

क्षेत्र (मिलिटेस्ला) = ०.००१२५७ × वेढे × करंट ÷ √(लांबी² + व्यास²)

करंट अँपिअरमध्ये, लांबी आणि सरासरी व्यास मीटरमध्ये. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, मिलिटेस्ला त्याचा हजारावा भाग. १ अँपिअरला आपलं उत्तर ८.५ मिलिटेस्ला येतं. पुस्तकातलं लांब कॉइलचं सूत्र व्यास धरतच नाही, ते ८.८ देतं. फरक ३-४ टक्क्यांचा आहे. पण कॉइल जितकी आखूड आणि जाड, तितका तो वाढत जातो, म्हणून मी पहिल्यापासून वरचंच सूत्र वापरायला सांगतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे एका अँपिअरवर ही छोटी कॉइल त्याच्या शंभरपटीहून पुढे जाते.

सूत्रात वेढे आणि करंट नेहमी जोडीने येतात, हे पाहा. ५६० वेढे आणि १ अँपिअर, किंवा ५६ वेढे आणि १० अँपिअर, त्याच लांबी-व्यासात क्षेत्र तेवढंच. या गुणाकाराला अँपिअर-वेढे म्हणतात. चुंबकत्व या मापात मोजायचं, नुसत्या वेढ्यांत नाही.

तिसरी पायरी: तारेची निवड

लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही. कागद-पेन्सिल घेऊन वाचा.

वरच्या कॉइलला १२ व्होल्ट जोडले तर ३.५ अँपिअर वाहतील आणि ४२ वॅट उष्णता निघेल. तेवढ्या वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं. ही कॉइल थोड्याच वेळात एनॅमल जाळून घेईल. मग उपाय काय? पहिला विचार येतो वेढे वाढवण्याचा. तीच तार दुप्पट वेढ्यांची करू. रोध साधारण दुप्पट होतो, करंट निम्मा होतो, आणि अँपिअर-वेढे होते तिथेच राहतात. क्षेत्र तसूभरही वाढलं नाही. बाहेरचे थर मोठ्या व्यासाचे असतात, त्यामुळे उलट थोडं कमीच होतं. बदललं ते एकच: उष्णता निम्मी झाली.

म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजवर अँपिअर-वेढे किती मिळणार हे वेढ्यांची संख्या ठरवतच नाही. ते ठरवते तारेची जाडी आणि एका वेढ्याची लांबी. एका वेढ्याचा रोध काढा, व्होल्टेजला त्याने भागा, आलं उत्तर. आपल्या तारेच्या एका वेढ्याचा रोध ०.००६१ ओहम आहे, म्हणून १२ व्होल्टवर १,९६० अँपिअर-वेढे मिळतात, मग वेढे ३०० असोत की ६००. हे ज्याच्या हाती लागलं त्याची निम्मी अडचण संपली.

याची दुसरी बाजूही तितकीच उपयोगाची आहे. गुंडाळायची जागा ठरलेली असेल आणि किती वॅट सोसतील हे ठरलेलं असेल, तर अँपिअर-वेढे जवळपास ठरूनच गेलेले असतात. तार बारीक घ्या की जाड, फार फरक पडत नाही. तारेची जाडी फक्त एवढंच ठरवते की ते वॅट कोणत्या व्होल्टेजवर आणि किती करंटने आत जाणार.

जोसेफ हेन्रीने १८३० च्या सुमारास हे प्रयोगाने उलगडलं होतं. त्याच्या आधी विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये घोड्याच्या नालासारख्या लोखंडावर वॉर्निश लावून उघडी तार विरळ गुंडाळली होती. हेन्रीने तारेवरच रेशमाचं आवरण चढवलं, त्यामुळे वेढे चिकटून आणि थरावर थर घालता आले. आणि बॅटरीप्रमाणे गुंडाळी बदलावी लागते हे त्याच्या लक्षात आलं: पुष्कळ सेलांच्या बॅटरीला एकच लांबलचक तार, एकट्या मोठ्या सेलला अनेक आखूड तारा समांतर.

आपल्या कॉइलला मग किती वॅट द्यायचे? उघड्या हवेत ठेवलेल्या छोट्या कॉइलसाठी एक अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो: बाहेरच्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे ०.०५ वॅट गेले की तापमान भोवतालापेक्षा सुमारे ५० अंशांनी चढतं. आपल्या कॉइलचा बाहेरचा पृष्ठभाग ६० चौरस सेंटीमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ३ वॅट सुखाने, ४ वॅट जरा ओढून.

आता १२ व्होल्टला जुळणारी तार शोधू. साधारण ६०० अँपिअर-वेढे हवेत, तर एका वेढ्याचा रोध ०.०२ ओहम पाहिजे. ७० मिमीच्या वेढ्यात तो ०.२८ मिमीच्या तारेने मिळतो. एनॅमलसकट ती ०.३२ मिमी होते. तेवढ्याच जागेत ती सात थरांत बसते, थराला २४५ प्रमाणे १,७१५ वेढे. तार १२० मीटर, रोध ३३.५ ओहम, करंट ०.३६ अँपिअर, उष्णता ४.३ वॅट, आणि अँपिअर-वेढे ६१४. कॉइल तापली की रोध वाढून वॅट थोडे उतरतातही.

बघा, वेढ्यांची संख्या या हिशोबात सगळ्यात शेवटी आली. जागा भरेल तेवढे वेढे, बस. म्हणूनच घरगुती एमसीबीच्या (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) आतल्या कॉइलला जाड तारेचे मोजकेच वेढे असतात, कारण तिच्यातून पूर्ण लोडचा करंट जातो. छोट्या रिलेच्या (कॉइलने चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला मात्र केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. दोन्ही कामं अँपिअर-वेढ्यांनीच होतात.

कॉइल सतत चालू राहणार नसेल तर हात सैल सोडता येतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. एक सेकंद चालू, तीन सेकंद बंद अशी चालवली तर करंट दुप्पट दिला तरी सरासरी उष्णता तेवढीच. कडी किंवा दट्ट्या ओढणाऱ्या तयार सोलेनॉइडवर २५ टक्के ड्यूटी लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा. मात्र तो सलग चालू ठेवला की जळणारच.

चौथी पायरी: गुंडाळणी

नळी कशाची घेता ते आधी पाहा. थ्रीडी प्रिंटरची पीएलए नळी दिसायला सुबक असते, पण पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं आणि आपली कॉइल ८० अंशांपुढे सहज जाईल. जाड पुठ्ठा, नायलॉन किंवा फायबरग्लासची नळी बरी. धातूची नळी टाळा. ती स्वतःच एक बंद वेढा असते: डीसीवर क्षेत्र चढा-उतरायला वेळ लावते, एसीवर तापते. घ्यावीच लागली तर तिला लांबीभर चीर पाडतात.

दोन्ही टोकांना चकत्या चिकटवा, म्हणजे शेवटचे वेढे घसरणार नाहीत. सुरुवातीचं टोक १५ सेंटीमीटर मोकळं सोडा, त्यावर स्लीव्ह (बारीक वीजरोधक नळी) चढवा आणि चकतीच्या भोकातून बाहेर काढा. हे टोक पुढे सगळ्या थरांच्या कडेने वर येतं. शेवटच्या थराशी ते नुसत्या एनॅमलवर टेकलं तर पूर्ण व्होल्टेज तेवढ्या पातळ थरावर पडतं. स्लीव्हचा कंटाळा करू नका.

तार बोटांत सारखा, हलका ताण ठेवून सोडा. बारीक तार जोरात ओढली की लांबते, लांबली की बारीक होते, आणि रोध गणितापेक्षा जास्त येतो. रीळ एका दांड्यावर मोकळं फिरू द्या, त्याच्या कडेवरून तार उपसू नका, पीळ पडतो. प्रत्येक थर संपला की वेढे कागदावर लिहून ठेवा. पहिले तीन-चार थर नीट बसले तर पुढचे त्यांच्या खाचांत आपोआप बसतात. पहिला थर विस्कटला तर सगळेच विस्कटतात, म्हणून पहिल्या थरावर घाई नको. बारीक तारेच्या कॉइलमध्ये दर एक-दोन थरांनी पातळ इन्शुलेशन कागदाचा एक फेर दिला की थर सपाट राहतात.

शेवटी टेप, आणि टोकांना लवचीक जोडतारा. काही तारांचं एनॅमल गरम सोल्डरिंग आयर्नखाली आपोआप वितळून जातं, तर जास्त तापमान सोसणाऱ्या तारांचं ते पॉलिश पेपरने घासूनच काढावं लागतं. कुठलं आहे ते टोकावर करून पाहा. बारीक तार थेट टर्मिनलला न्यायची नाही, ती हलून हलून तुटते. जाड जोडतारेला सोल्डर करा आणि तो सांधा कॉइलवरच टेपने घट्ट बसवा.

पाचवी पायरी: वीज देण्याआधी आणि दिल्यावर

मल्टिमीटरने रोध मोजा. हिशोबाच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर काम चोख झालं. बराच कमी आला तर वेढे मोजण्यात चूक असेल किंवा दोन थर कुठेतरी एकमेकांना भिडले असतील. अनंत दाखवत असेल तर सोल्डरखाली एनॅमल शिल्लक आहे का ते आधी बघा, तुटलेली तार त्यानंतर शोधा. गाभा धातूचा असेल तर कॉइल आणि गाभा यांच्यात काहीही वाहता कामा नये.

पॉवर सप्लायची करंट मर्यादा कमी ठेवून सुरुवात करा. चुंबकसूची एका टोकाशी नेऊन ध्रुव तपासा. हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) मिळाला तर मजा येते: ०.५ मिमीच्या कॉइलमधून १ अँपिअर सोडा, सेन्सर मध्यावर ठेवा, मग हळूहळू टोकाकडे न्या. मध्यावर ८.५ मिलिटेस्ला आणि तोंडाशी ४.४ च्या आसपास दिसायला हवं. लांब कॉइलच्या टोकाशी क्षेत्र जवळपास निम्मं होतं, कारण तिथे वेढ्यांची एकच बाजू साथीला असते. मोबाइलमधला कंपास यासाठी वापरू नका. तो पृथ्वीच्या क्षेत्रासाठी बनवलेला असतो, कॉइलच्या तोंडाशी त्याचे आकडे निरर्थक होतात. चालू कॉइलपासून पेसमेकर असलेल्या माणसांनी आणि चुंबकीय पट्टीच्या कार्डांनी दूर राहावं.

आतलं तापमान मोजायला थर्मामीटर आत घुसवायची गरज नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंड कॉइल ३३.५ ओहम होती आणि अर्ध्या तासाने बंद करून लगेच मोजली तर ४०.२ भरली, म्हणजे वाढ २० टक्के, म्हणजे कॉइल सरासरी ५१ अंशांनी तापली. मला ही पद्धत फार आवडते. कॉइल स्वतःच आपलं तापमान सांगते, तेही हात लावून कळणाऱ्या वरच्या थराचं नव्हे तर आतल्या तांब्याचं. भोवतालचे ३० अंश त्यात मिळवा आणि तारेच्या इन्शुलेशन वर्गाशी ताडून पाहा: बी वर्ग १३० अंश, एफ १५५, एच १८०.

वीज तोडताना

कॉइलमध्ये ऊर्जा साठलेली असते. आपल्या ५६० वेढ्यांच्या कॉइलचं इंडक्टन्स (करंट बदलायला ती किती विरोध करते त्याचं माप) सुमारे १.७ मिलिहेन्री आहे, वेढ्यांच्या वर्गाने वाढत ते १,७१५ वेढ्यांना १६ मिलिहेन्रीपर्यंत जातं, आणि लोखंड घातलं की आणखी. करंट एकाएकी तोडला की कॉइल तो चालू ठेवायचा प्रयत्न करते आणि टोकांवर शेकडो व्होल्ट उसळू शकतात. स्विचवर ठिणगी उडते, ट्रान्झिस्टर मरतो.

उपाय एका डायोडचा. १एन४००७ सारखा डायोड कॉइलला समांतर लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. चालू असताना तो काहीच करत नाही. वीज तुटली की करंट त्याच्यातून फिरत विझतो. उलटा लावला तर सप्लाय शॉर्ट होतो, म्हणून पट्टी दोनदा बघा. डायोडमुळे कॉइल सोडायला थोडा वेळ घेते. झडप झटकन बंद व्हायला हवी असेल तर डायोडच्या सिरीजमध्ये झीनर (ठरावीक व्होल्टेजनंतर उलट्या दिशेनेही करंट जाऊ देणारा डायोड) किंवा रोधक लावतात, त्याने करंट लवकर विझतो.

लोखंड आणि ओढ

लोखंडाची सापेक्ष पारगम्यता (हवेच्या तुलनेत ते क्षेत्र किती पट वाढवू शकतं ते) हजारोंत असते असं वाचून नवखे क्षेत्राला थेट हजाराने गुणतात. उघड्या दांड्यात तसं होत नाही. दांड्याच्या टोकांवरचे ध्रुवच आतल्या क्षेत्राला विरोध करतात. लांबी व्यासाच्या पाचपट असलेल्या दांड्याने क्षेत्र साधारण वीसपट वाढतं, लोखंड कितीही चांगलं असलं तरी. पूर्ण फायदा हवा तर चुंबकीय रेषांना परतीचा रस्ताही लोखंडातूनच द्यावा लागतो. तयार सोलेनॉइडभोवती जी लोखंडी चौकट दिसते ती त्यासाठी, दिखाव्यासाठी नव्हे. आणि २ टेस्लाच्या आसपास लोखंड भरून जातं, पुढे करंट वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

प्लंजर म्हणजे आत-बाहेर सरकणारा मऊ लोखंडाचा दांडा. कॉइल त्याला नेहमी मध्याकडे ओढते, करंटची दिशा कोणतीही असो. बाहेर ढकलायचा असेल तर स्प्रिंग लागते. ओढ मात्र अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. चौकट असलेल्या सोलेनॉइडमध्ये १२ मिमीचा प्लंजर आणि ५६० अँपिअर-वेढे घ्या. आदर्श सूत्राने हवेची फट ५ मिमी असताना ओढ जेमतेम ०.९ न्यूटन येते, २ मिमीवर ५.६, आणि १ मिमीवर २२ न्यूटन. फट निम्मी केली की ओढ चौपट. खऱ्या कॉइलमध्ये चुंबकीय रेषांच्या गळतीमुळे आकडे बदलतात, पण रोख हाच राहतो. म्हणून पहिला सल्ला: करंट वाढवण्याआधी चाल (प्लंजरने सरकायचं अंतर) कमी करता येते का ते बघा. लांब चाल हवी असेल तर तरफ लावा.

यातूनच एक चतुर रचना निघाली आहे. ओढायला मोठा करंट लागतो, पण प्लंजर आत जाऊन टेकला की धरून ठेवायला थोडकाच पुरतो. मोटारीच्या स्टार्टरवरच्या सोलेनॉइडमध्ये म्हणून दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरणारी. ओढणारी काम झालं की बाजूला होते. इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये हेच काम पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) करंट कमी करून होतं आणि उष्णता एकदम उतरते.

एसीवरच्या सोलेनॉइडचा स्वभाव वेगळा. तिथे करंटला रोधापेक्षा इंडक्टन्स जास्त अडवतं, आणि इंडक्टन्स प्लंजर आत गेल्यावरच पुरेसं वाढतं. प्लंजर कचऱ्याने मधेच अडकला तर करंट मोठाच राहतो आणि कॉइल जळते. जळालेली एसी कॉइल बदलण्याआधी प्लंजर मोकळा सरकतो का हे म्हणूनच बघायचं. एसीसाठी बनवलेली कॉइल तेवढ्याच व्होल्टच्या डीसीवर लावली तरी ती जळते, कारण मग अडवायला फक्त तारेचा तुटपुंजा रोध उरतो. एसी सोलेनॉइडच्या गाभ्यावर तांब्याची एक छोटी कडी बसवलेली दिसेल. ती क्षेत्राचा काही भाग मागे रेंगाळवते, त्यामुळे करंट शून्यातून जाताना ओढ शून्य होत नाही आणि खडखड थांबते.

कॉइल कुठे कुठे भेटते

वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणारी झडप, पेट्रोल इंजिनात काही मिलिसेकंदांपुरता उघडणारा इंजेक्टर, एबीएस ब्रेकमधल्या झडपा, विजेवर चालणारी कडी, मोठ्या करंटचा रिले म्हणजे कॉन्टॅक्टर: सगळ्यांच्या पोटात हीच गुंडाळी. मोठ्या पाइपांवरच्या झडपांत सोलेनॉइड बहुतेकदा मुख्य दार उघडत नाही. तो एक बारीक भोक उघडतो आणि पाण्याचा स्वतःचा दाब पडदा उचलतो. अशा झडपेला ठरावीक किमान दाब लागतो. तो नसेल तर कॉइल ठीक असूनही झडप उघडत नाही.

भौतिकशास्त्रात ओढीपेक्षा क्षेत्राला मान. हान्स बुश याने १९२६ मध्ये दाखवलं की अक्षाभोवती सममित असलेलं कॉइलचं क्षेत्र इलेक्ट्रॉनांच्या झोतावर भिंगासारखं काम करतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याच पायावर उभा राहिला.

क्षेत्र जसं मोठं व्हायला लागतं तशी तीच उष्णता आडवी येते. एक वाट आहे भरपूर पाण्याने थंड करण्याची: बिटर चुंबकात तारेऐवजी भोकं पाडलेल्या तांब्याच्या चकत्या सर्पिलात रचतात आणि भोकांतून पाणी सोडतात. दुसरी वाट रोधच नाहीसा करण्याची. एमआरआय यंत्राची १.५ किंवा ३ टेस्लाची कॉइल निओबियम-टायटॅनियमच्या तारेची असते आणि द्रव हेलियमने ४.२ केल्विनच्या आसपास ठेवलेली असते. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस या कण-शोधकाचा सोलेनॉइड ६ मीटर व्यासाचा, १२.५ मीटर लांबीचा. त्यातून सुमारे १८,००० अँपिअर वाहतात आणि क्षेत्र ३.८ टेस्ला असतं. अमेरिकेतल्या नॅशनल हाय मॅग्नेटिक फील्ड लॅबोरेटरीने बाहेर अतिवाहक (रोध नसलेल्या तारेचं) आणि आत बिटर अशी जोडी बसवून ४५ टेस्लाचं स्थिर क्षेत्र मिळवलं. तिथे उष्णतेच्या जोडीला ताकदीचा प्रश्न येतो: १ टेस्लाला चुंबकीय दाब सुमारे ४ वातावरणांइतका असतो आणि तो वर्गाने वाढतो, म्हणजे ४५ टेस्लाला ८,००० च्या घरात. कॉइल स्वतःलाच फाडू पाहते.

तुमची ०.२८ मिमीची कॉइल तयार असेल तर तिच्यावर आणखी १०० वेढे वेगळ्या तारेचे गुंडाळा आणि त्यांची टोकं ऑसिलोस्कोपला जोडा. कॉइलला सिग्नल जनरेटरमधून छोटा बदलता करंट द्या, आणि आत लोखंडाचा दांडा हळूहळू सरकवत दुसऱ्या गुंडाळीवरचं व्होल्टेज बघा. दांडा किती आत आहे ते आकड्यावरून सांगता यायला लागेल. यंत्रांमध्ये सरक मोजणारा एलव्हीडीटी याच तत्त्वावर चालतो, फक्त त्यात दुसऱ्या गुंडाळ्या दोन असतात आणि त्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. दांडा बरोबर मध्यावर आला की दोघींचं व्होल्टेज एकमेकांना खोडून शून्य होतं. ती दुसरी जोडी गुंडाळताना दोन्हीकडचे वेढे अगदी सारखे ठेवा.